शिंदळ माकुडीचं क्षेत्रफळ

संगणकाने दिलेलं पहिलं उत्तर होतं 0.235. पुढे एकक काहीच नव्हतं.

एमएस्सीच्या प्रबंधासाठी मी शिंदळ माकुडी ही वनस्पती किती क्षेत्रात पसरली आहे ते काढायला बसले होते. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ठिपके टाकले, त्यांच्याभोवती बहुभुज काढला, क्षेत्रफळाचं सूत्र लिहिलं. 0.235 चौरस किलोमीटर म्हणजे जेमतेम साठ एकर. शिवनेरी ते सज्जनगड हे अंतरच सरळ रेषेत एकशे सत्तर किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा काहीतरी साफ चुकलं होतं. अर्धा तास मी बहुभुज पुसून पुन्हा काढत राहिले. चूक बहुभुजात नव्हतीच. ठिपके अंशांत होते आणि मी वापरलेलं सूत्र कागद सपाट आहे असं धरून चालणारं होतं, त्यामुळे उत्तर ‘चौरस अंशां’त आलं होतं. या एककाला जमिनीवर काही अर्थ नाही, कारण आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश साधारण 110.7 किलोमीटर भरतो, रेखांशाचा 105.5, आणि उत्तरेकडे जावं तसा रेखांशाचा अंश आक्रसत जातो.

ठिपक्यांचा थर यूटीएमच्या, म्हणजे गोल पृथ्वी पट्ट्यापट्ट्यांनी सपाट नकाशावर मीटरांत उतरवणाऱ्या प्रक्षेपणाच्या, 43 व्या उत्तर पट्ट्यात नेला तेव्हा उत्तर आलं सुमारे 2,740 चौरस किलोमीटर. (72 ते 78 अंश पूर्व रेखांश हा त्या पट्ट्याचा पसारा. सह्याद्री त्यात नीट बसतो, नागपूरकडचं काम असेल तर 44 वा पट्टा घ्यावा लागतो.) मग कुतूहल म्हणून तोच बहुभुज वेब मर्केटरमध्ये, म्हणजे मोबाइलवरचे नकाशे ज्या प्रक्षेपणात दिसतात त्यात, मोजला. तिथे सुमारे 3,070 आलं. ठिपके तेच, कडे तेच, आणि नकाशा कसा पसरवला एवढ्यावरून सव्वातीनशे चौरस किलोमीटर जास्त.

मी वापरलेले अक्षांश-रेखांश गडांचे आहेत, तेही दोन दशांश स्थळांपर्यंतच: शिवनेरी 19.20, 73.86, पुरंदरशेजारचा वज्रगड 18.28, 73.98, महाबळेश्वरचा केट्स पॉइंट 17.93, 73.69, सज्जनगड 17.64, 73.91. ही ठिकाणं पूर्वीच छापून आलेली आहेत. वनस्पती नेमकी कुठल्या कपारीत आहे ते मी लिहिणार नाही. मांसल वनस्पती जमवणारे लोक जगभर आहेत आणि कड्यावरचं एखादं झुडूप उपटायला एक माणूस नि एक दोर पुरतो. शिवाय ही चारच ठिकाणं म्हणजे तिचा सगळा पसारा नव्हे. इथले आकडे या चारांपुरते समजावेत. कोणालाही पडताळून पाहता यावेत एवढ्यासाठी ते दिलेत.

शिंदळ माकुडी रुईच्या कुळातली. जाड, रसाळ, लोंबत्या फांद्या. पावसाळ्यात पानं येतात, उन्हाळ्यात गळून जातात आणि मग कातळाला नुसत्या करड्या काड्या चिकटून राहिल्यासारख्या दिसतात. फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गर्द तपकिरी-लाल, त्यावर पिवळे ठिपके, आणि त्यावर येतात माश्या. 1860च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेलने तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका हे नाव दिलं. पुढे तिला कॅरॅलुमा फ्रेरी म्हटलं गेलं, आता बुसेरोसिया फ्रेरी असंही म्हणतात. ही नावांची भानगड मी इथे सांगते, कारण माझ्या कामातली पहिली फट तिथेच पडली होती. जीबीआयएफ या जागतिक विदापेढीत मी एकाच नावाने शोध घेतला आणि मिळालं तेवढंच खरं मानलं. दुसऱ्या नावांखालच्या नोंदी नंतर जोडाव्या लागल्या. जोडल्यावर त्यातल्या काही दोनदा आल्याचं दिसलं, कारण एकाच दिवशी एकाच फांदीचे दोन तुकडे दोन संग्रहालयांत गेले होते. काही नोंदी तर परदेशातल्या काचघरांत वाढवलेल्या रोपांच्या होत्या. कुंडीतली वनस्पती पसाऱ्यात मोजायची नसते, त्या काढल्या.

मोजायच्या गोष्टी दोन. संकटातल्या जातींची जी जागतिक लाल यादी असते, तिच्या निकषांत पहिली येते ती ईओओ, म्हणजे पसाऱ्याचा बाहेरचा घेर. मांडवाच्या सगळ्या खांबांना बाहेरून दोरी गुंडाळून ताणली तर आत जेवढी जागा येईल तेवढी. दुसरी एओओ, म्हणजे प्रत्यक्ष व्यापलेली जागा. त्यासाठी नकाशावर दोन बाय दोन किलोमीटरची चौकट अंथरायची, ज्या चौकोनात वनस्पती आहे ते मोजायचे आणि चाराने गुणायचं. ईओओ 100 चौरस किलोमीटरच्या आत असेल तर अतिसंकटग्रस्त, 5,000च्या आत संकटग्रस्त, 20,000च्या आत असुरक्षित. एओओसाठी हेच उंबरठे 10, 500 आणि 2,000. नुसत्या आकड्यावर कोणी कुठल्याही वर्गात जात नाही. ठिकाणं मोजकीच उरली आहेत किंवा एकमेकांपासून तुटली आहेत ही एक, घट चालू आहे ही दुसरी, मोठे चढउतार होतात ही तिसरी, या तिनांतल्या दोन गोष्टी तरी दाखवाव्या लागतात. पण सगळे आधी आकडाच विचारतात.

आणि आकडा मिळणं अगदी सोपं आहे. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचं जिओकॅट हे साधन ब्राउझरमध्ये चालतं. फाइल टाकली की ईओओ आणि एओओ दोन्ही हजर, शेजारी वर्गाचा रंगही. ‘आर’ या संगणकभाषेत काम करणाऱ्यांसाठी कॉनआर आणि रेड ही पॅकेजं आहेत. मी तिन्ही वापरली. मला वेळ लागला तो फाइल तयार करायला, जवळजवळ चार महिने. आकडा काढायचं काम एका दुपारचं.

माझी फाइल घेऊन मी प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले तेव्हा त्यांनी नकाशा बाजूला सारला. “आकडा नंतर. आधी मला एकेका ठिपक्याची चिठ्ठी दाखव,” म्हणाल्या. चिठ्ठी म्हणजे हर्बेरियम शीटवर, वाळवलेली वनस्पती लावून जपलेल्या कागदावर, खाली उजवीकडे चिकटवलेलं लेबल. कोणी, कधी, कुठून गोळा केलं, ते त्यावर असतं. माझ्याकडे ओळींना क्रमांक होते, चिठ्ठ्यांचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये पडलेले, आणि कोणती ओळ कोणत्या फोटोची हे फक्त माझ्या डोक्यात. “हे जुळव आणि मगच ये,” एवढंच बोलून त्या वर्गावर गेल्या.

जुळवायला बसले आणि एकेक निघू लागलं.

एक ठिपका नॉर्वेच्या मुख्य भूमीच्याही उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात पडला होता. तो लगेच कळला. शिवनेरीचे अक्षांश नि रेखांश उलटे भरले गेले होते: 73.86 उत्तर, 19.20 पूर्व. कॉनआरला आधी अक्षांश लागतो, ‘आर’मधल्या दुसऱ्या कितीतरी साधनांना आधी रेखांश. एकीकडची फाइल दुसरीकडे नेताना रकाने फिरले. हा ठिपका तसाच राहिला असता तर ईओओ लाख चौरस किलोमीटरांच्याही वर गेलं असतं. अशा चुका पकडायला कोऑर्डिनेटक्लीनर नावाचं पॅकेज आहे. समुद्रातले ठिपके, देशाच्या बरोबर मध्यबिंदूवर बसलेले ठिपके, संग्रहालयाच्या पत्त्यावर पडलेले ठिपके ते वेचून दाखवतं. ते जरूर चालवावं.

पण दुसरी चूक त्या पॅकेजलाही दिसली नाही आणि मलाही दिसली नसती. वज्रगडच्या चिठ्ठीवर 18 अंश 17 मिनिटं उत्तर, 73 अंश 59 मिनिटं पूर्व असं होतं. मी शीटमध्ये भरलं 18.17 आणि 73.59. अंशानंतर टिंब दिलं आणि पुढे मिनिटं तशीच लिहिली. मिनिटांना साठाने भागायला हवं होतं: 18.28 आणि 73.98. एवढ्याने ठिपका चाळीसहून जास्त किलोमीटर सरकला, पश्चिमेकडे आणि थोडा दक्षिणेकडे. आणि पडला कुठे, तर भोरच्या पश्चिमेला, वरंधा घाटाच्या डोंगरांत. कडे आहेत, कातळ आहे, पाऊस आहे. नकाशावर त्याच्याकडे बघून कोणीही मान डोलावली असती. मीही डोलावली होती.

त्याहून जास्त मला हादरा बसला तो पुढच्या गोष्टीने. त्या चार ठिकाणांत वज्रगडचा चुकीचा ठिपका धरला तर ईओओ येत होतं सुमारे 2,900. बरोबर ठिपक्यासह सुमारे 2,740. पूर्वेचा कोपरा गेला, पश्चिमेला नवा कोपरा निघाला आणि बेरीज जवळपास तिथेच राहिली. दोन्ही आकडे 5,000च्या आत, वर्ग तोच. म्हणजे उत्तराकडे बघून ही चूक कधीच सापडली नसती. वज्रगडावरची वनस्पती माझ्या नकाशातून गेली होती, जिथे मी कधी पाहिली नाही तिथे ती उगवली होती, आणि संगणक शांतपणे जवळजवळ तोच आकडा देत होता. मॅडमनी चिठ्ठ्या का मागितल्या ते त्या रात्री कळलं. तेव्हापासून मी मूळ चिठ्ठीवरचा मजकूर जसाच्या तसा एका रकान्यात ठेवते आणि रूपांतर केलेला आकडा दुसऱ्या रकान्यात. मूळ कधीच खोडायचं नाही.

तिसरा प्रकार चुकीचा नव्हताच, म्हणून जास्त नाजूक होता. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर लोकांनी टाकलेल्या छायाचित्रांच्या नोंदी जीबीआयएफमध्ये येतात. संकटातल्या जातींची जागा तिथे मुद्दाम धूसर केलेली असते: 0.2 अंश बाय 0.2 अंशाच्या चौकोनात कुठेतरी एक यादृच्छिक बिंदू. आपल्याकडे तो चौकोन साधारण 22 बाय 21 किलोमीटरचा होतो. असे ठिपके माझ्या नकाशावर सपाटीवरच्या उसात पडलेले होते. एओओच्या दोन किलोमीटरच्या चौकटीत त्यांना काडीचा अर्थ नाही, आणि गंमत अशी की दरेक ठिपका नवा चौकोन व्यापतो, त्यामुळे वनस्पती दुर्मीळ असूनही आकडा फुगतो. अनिश्चितता किती मीटर आहे, असा एक रकाना प्रत्येक नोंदीसोबत येतो. तो मी आधी अनावश्यक म्हणून वगळला होता. आता तोच आधी बघते. जागा धूसर ठेवणं मला पूर्ण पटतं. ज्याला काम करायचं आहे त्याने निरीक्षकाला विचारावं, मी विचारलं, आणि दोघांनी विश्वासाने नेमकं ठिकाण सांगितलं. ते माझ्या शीटमध्ये आहे, प्रबंधात नाही.

मग बहुभुजाकडे नीट पाहिलं. त्या चार ठिकाणांना गुंडाळलेल्या दोरीच्या आत जवळजवळ सगळं पुणे शहर येतं. पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग येतो, चाकण येतं, भोर येतं, वाई येतं. मला ते सहन होईना. कड्यावरच्या वनस्पतीच्या पसाऱ्यात चाकणचे कारखाने कसे? मी पुणे कापून काढलं, नद्यांची खोरी कापली, ठरावीक उंचीच्या खालचं सगळं कापलं, आणि छान दिसणारा, कंगोऱ्यांचा नकाशा घेऊन मॅडमकडे गेले.

त्यांनी तो परत दिला. ईओओ वनस्पती कुठे राहते हे सांगत नाही, तिची ठिकाणं एकमेकांपासून किती लांब आहेत हे सांगतं, असं त्यांनी समजावलं. एक वणवा, एक दरड, एक रोग सगळ्या ठिकाणांना एकाच वेळी गाठू शकेल का, हा त्यामागचा प्रश्न. शिवनेरीवर वणवा लागला तर सज्जनगडावरची झाडं वाचतात ती मधल्या अंतरामुळे, आणि त्या अंतरात पुणे आहे की जंगल, याने फरक पडत नाही. म्हणून या निकषासाठी मधली नको असलेली जागा कापायची नसते. राहण्याजोगी जागा वेगळी काढायची असेल तर जरूर काढ, पण तिला ईओओ म्हणू नकोस. हे एकदा उमजल्यावर पुणे त्या बहुभुजात खुपेनासं झालं.

एओओचं दुखणं निराळं. चार ठिकाणं, चार चौकोन, 16 चौरस किलोमीटर. चौकट एक किलोमीटरची घेतली तर 4, दहा किलोमीटरची घेतली तर 400. म्हणूनच दोनाची चौकट ठरवून दिलेली आहे, म्हणजे आंबोलीचा बेडूक आणि शिवनेरीची वनस्पती एकाच मापाने मोजता यावी. पण चौकट कुठून सुरू करायची? प्रत्येक ठिकाणचे माझे स्वतःचे बिंदू घातल्यावर आकडा एकदा 24 आला, चौकट थोडी सरकवली तर 20, आणखी सरकवली तर 28. एखादी वसाहत चौकोनाच्या कोपऱ्यावर आली की ती एकाऐवजी दोन, तीन, चार चौकोनांत मोजली जाते. कॉनआर चौकट अनेकदा सरकवून पाहतं आणि सर्वांत कमी चौकोन लागतील ती मांडणी घेतं. मी शंभर वेळा सरकवली आणि 20 लिहिले, सोबत चौकटीचा आरंभबिंदूही.

हे सगळं झाल्यावर मी गडावर गेले. कोणत्या ते नको. पायथ्याच्या वाडीतले एक काका सोबत होते. लहानपणापासून त्या कड्याखाली शेळ्या चारलेले. सप्टेंबर होता, धुकं वर-खाली करत होतं, कातळ ओला. काकांनी काठीने दाखवलं तेव्हा आधी काही दिसेना. मग धुक्याचा पडदा सरला आणि डोक्यावर तीस-चाळीस हात उंचीवर, एका आडव्या भेगेतून खाली लोंबणाऱ्या फांद्या दिसल्या, त्यांवर तीन फुलं. दुर्बिणीतून पाकळ्यांच्या कडांचे बारीक केस दिसत होते. त्याच भेगेच्या वर हात-दोन हातांवर आणखी एक झुडूप, त्याच्या वर आणखी एक. कडाभर, एकाखाली एक.

जीपीएस लावला. कड्याला पाठ लागलेली, अर्धं आभाळ दगडाने झाकलेलं, त्यामुळे आकडे नाचत राहिले. कधी चूक दहा मीटर दाखवी, कधी पन्नास. अखेर स्थिर झाला तेव्हा मी बिंदू नोंदवला आणि लक्षात आलं की वरचं झुडूप, मधलं झुडूप, खालचं झुडूप, सगळ्यांचा बिंदू हाच. नकाशा वरून बघतो. वरून बघितलं तर कडा म्हणजे नुसती एक रेघ, आणि रेघेला क्षेत्रफळ नसतं. शिंदळ माकुडीचं सगळं जगणं त्या रेघेत उभं आहे. माझ्या चौकोनातली बाकीची चार चौरस किलोमीटर म्हणजे वाडी, भाताची खाचरं, गाड्या लावायचं पटांगण आणि गडाची पायवाट.

तो कडा मी त्या दिवशी वेगळ्या रीतीने मोजला. खालून वर किती मीटरपर्यंत झुडपं आहेत, किती भेगांत आहेत, किती मोठी, किती लहान, हे वहीत उतरवलं, कड्याचं रेखाचित्र काढून. पावणेदोन तास लागले. बत्तीस झुडपं मोजली, त्यात लहान रोपं तीनच. प्रबंधात हे रेखाचित्र जोडावं असा मी हट्ट धरला आणि मॅडमनी तो मानला. लाल यादीच्या आकड्यात ते बसत नाही. पण घट होते आहे की नाही हे पाच वर्षांनी कोणी बघायला गेलं तर त्याला 20 या आकड्याचा उपयोग होणार नाही, या पानाचा होईल. शेवटचं झुडूप मरेपर्यंत चौकोन भरलेलाच दिसतो.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. “ताई, आणिक घावलीत. पल्याडच्या अंगाला, उत्तराच्या कपारीत. सात-आठ हायेत.” मी त्यांना खुणा विचारल्या, जुन्या टाक्यापासून किती, वाटेपासून किती, आणि नकाशावर अंदाजे ठिपका टाकला. आधीच्या जागेपासून तीनशे मीटर, त्याच चौकोनात.

“मग वाढली का तुमची जागा?” त्यांनी विचारलं. त्यांना माझ्या चौकोनांबद्दल मी एकदा सांगितलं होतं.

नाही वाढली, म्हटलं, हिशोबात तोच चौकोन आहे.

“आसं कसं? कपार येगळी हाय, पानी येगळं हाय. हिकडं ऊन लागत न्हाई.”

मी शीट उघडून नवी ओळ घातली. अनिश्चिततेच्या रकान्यात 100 मीटर, स्वतः पाहिलं का याखाली ‘अजून नाही’, आणि शेऱ्यात काकांचं वाक्य जसंच्या तसं.